मायक्रोप्रोसेसरचा रचनाकार

जून महिना लागला कीं नांदेड आणि लातूर ह्या दोन शहरांत घरोघर एकच खल सुरू होतो. बारावीचा निकाल हातीं आलेला असतो, प्रवेशपरीक्षांचे गुण कळलेले असतात, आणि मुलानें वा मुलीनें पुढें कोणती वाट धरावी हें ठरवावयाचें असतें. मामा, काका, शेजारचे निवृत्त अधिकारी, शिकवणीचे वर्ग चालविणारे गृहस्थ, सगळे आपापलें मत देऊन जातात. ओढा वैद्यकाकडे फार; तें न साधलें तर अभियांत्रिकी, आणि अभियांत्रिकींत हल्लीं सर्वांत आधीं नांव निघतें तें संगणकाचें. अशा बैठकींतील प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतो आणि प्रत्येक मोबाइलच्या पोटांत नखाएवढी सिलिकॉनची एक चिप असते. ती कोणी रचली, अशी चिप रचणें हा कोणाचा पोटापाण्याचा धंदा आहे काय, आणि असल्यास त्यांत आपल्या मुलानें शिरावें कसें, हा प्रश्न मात्र त्या बैठकींत सहसा निघत नाहीं. धंदा आहे, चांगला आहे, आणि त्याच्याविषयीं गैरसमजहि पुष्कळ आहेत.

मायक्रोप्रोसेसर म्हणजे काय हें आधीं पाहूं. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचें धरण आहे. त्याचे दरवाजे उचलले कीं पाणी वाहतें, खालीं सोडले कीं थांबतें. आतां अशी कल्पना करावी कीं, एका पाटांतून वाहणारें पाणीच दुसऱ्या पाटावरील दरवाजा उचलतें किंवा मिटवितें; त्या दुसऱ्या पाटाचें पाणी तिसऱ्याचा दरवाजा हलवितें; आणि अशी साखळी लांबच लांब चालली आहे. दोन दरवाजे एकामागें एक बसविले तर दोन्ही उघडे असतील तरच पाणी पलीकडे जाईल. तेच शेजारीं शेजारीं बसविले तर कोणताहि एक उघडा असला तरी पुरे. ‘हें आणि तें’, ‘हें किंवा तें’ अशा दोन वाक्यांचा अर्थ ह्या मांडणींत उतरला; त्यास ‘हें नव्हे’ ही तिसरी जोड मिळाली कीं बेरीज, वजाबाकी, तुलना, निवड, सारें कांहीं दरवाजांच्या भाषेंत सांगतां येतें. चिपमध्यें पाण्याच्या जागीं वीज आणि दरवाजाच्या जागीं ट्रान्झिस्टर, एवढाच फरक. ट्रान्झिस्टर अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालच्या डिसेंबरांत प्रथम चालला. पुढें चोवीस वर्षांनीं, १९७१ सालीं, इंटेल कंपनीनें ४००४ ह्या क्रमांकाचा पहिला मायक्रोप्रोसेसर विक्रीस आणला. एका जपानी कंपनीस हिशेबाच्या यंत्रासाठीं तो हवा होता. त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ च्या पेंटियममध्यें ३१ लाख झाले, आणि २०२० सालीं अॅपल कंपनीनें काढलेल्या एका चिपमध्यें १,६०० कोटि.

इतके दरवाजे केवळ जवळ आणून ठेवल्यानें काम होत नाहीं. मायक्रोप्रोसेसरचें वर्तन एखाद्या अत्यंत प्रामाणिक, अत्यंत चपळ आणि स्वतःची बुद्धि मुळींच न चालविणाऱ्या कारकुनासारखें असतें. समोरच्या गठ्ठ्यांतील पहिला कागद उचलावा, त्यावर काय हुकूम आहे तें वाचावें, हुकमाप्रमाणें दोन आंकडे काढून त्यांची बेरीज करावी, उत्तर सांगितलेल्या खणांत ठेवावें, आणि पुढील कागद उचलावा. घड्याळाच्या ठोक्यावर हें चालतें, आणि तो ठोका सेकंदास कोट्यवधि वेळां पडतो. ठोका सेकंदास तीनशें कोटि वेळां पडूं लागला म्हणजे दोन ठोक्यांच्या मधील अवकाशांत प्रकाशसुद्धां चार इंचांपलीकडे जाऊं शकत नाहीं. मग विजेस चिपच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोंचण्याची किती घाई करावी लागत असेल ह्याचा विचार व्हावा. कारकुनास कोणकोणते हुकूम समजले पाहिजेत ह्याची एक ठरलेली यादी असते. ती यादी हा यंत्र बनविणारा आणि त्या यंत्रावर काम लिहिणारा ह्यांच्यामधील करारच होय. एकदां केलेला हा करार पुढें वर्षानुवर्षें मोडतां येत नाहीं.

रचनाकाराचें काम येथून सुरू होतें. अनेकांची समजूत अशी असते कीं, हा गृहस्थ मोठ्या फळ्यावर बारीक रेषांनीं नकाशा काढीत असावा. पहिल्या काळीं तसें होतेंहि. ४००४ च्या वेळीं आराखडे हातानें काढीत. आज तो काढीत नाहीं, लिहितो. व्हेरिलॉगसारख्या कृत्रिम भाषेंत, अमुक ठोक्यास अमुक खणांतील आंकडा तमुक ठिकाणीं जावा, असें तो ओळीमागून ओळ लिहीत जातो. त्याच्या वर एक वडीलधारा असतो, ज्यास ह्या धंद्यांत आर्किटेक्ट म्हणतात. यंत्र किती वेगवान असावें, किती वीज खावी, काय करावें आणि काय सोडून द्यावें हें तो ठरवितो. लिहिलेल्या मजकुराचें दरवाजांत रूपांतर करणें हें काम संगणकच करितो. मग ते कोट्यवधि दरवाजे चिपच्या पटावर कोठें बसवावे, त्यांना जोडणाऱ्या तारा कोणत्या वाटेनें न्याव्या, कोठें उष्णता सांचेल, हें पाहणारा तिसरा वर्ग असतो. शेवटीं तयार झालेला आराखडा कारखान्यास धाडितात. तेथें प्रकाशाच्या साह्यानें तो सिलिकॉनवर थरावर थर उमटवितात, आणि तीन-चार महिन्यांनीं चिप हातीं पडते.

ह्या वर्णनांत एक वर्ग सांगावयाचा राहिला आहे, आणि संख्येनें पाहतां तोच बहुधा सर्वांत मोठा. हा वर्ग कांहीं रचीत नाहीं. दुसऱ्यानें रचलेलें चुकीचें आहे हें सिद्ध करण्याचा तो रात्रंदिवस प्रयत्न करितो. शाळेंत भागाकार झाला कीं त्याचा ताळा पाहण्याची जुनी शिस्त होती; भागाकारास भाजकानें गुणावें, बाकी मिळवावी आणि भाज्य परत येतो का तें पाहावें. मुलें ती टाळीत, कारण गणित सुटल्यावर पुन्हां त्यांत डोकें घालणें कंटाळवाणें असतें. मायक्रोप्रोसेसरच्या धंद्यांत निम्म्याहून अधिक श्रम ह्या ताळ्यावरच खर्च होतात. कारण उघड आहे. घर बांधतांना भिंत चुकली तर पाडतां येते, छापील पुस्तकास शुद्धिपत्र जोडतां येतें, संगणकावर लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करून पाठवितां येतो. पण सिलिकॉनवर उमटलेली चूक खोडरबरानें जात नाहीं. नवा आराखडा, कोट्यवधि रुपयांचे नवे सांचे, आणि पुन्हां तीन-चार महिने!

ह्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पेंटियमचेंच आहे, आणि तें भागाकाराचें आहे म्हणून येथें सविस्तर सांगण्याजोगें आहे. अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांतील लिंचबर्ग कॉलेजांत टॉमस नाइसली नांवाचे गणिताचे प्राध्यापक होते. ज्या मूळ संख्यांमध्यें दोहोंचेंच अंतर असतें अशा जोड्यांचा ते अभ्यास करीत असत, आणि त्यासाठीं भागाकारांचे अतिदीर्घ हिशेब त्यांनीं कांहीं संगणकांवर लावून ठेविले होते. १९९४ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, नव्या पेंटियमवर केलेला हिशेब इतर यंत्रांच्या हिशेबाशीं जुळत नाहीं. पहिला संशय त्यांनीं स्वतःवर घेतला. मग आपण लिहिलेल्या कार्यक्रमावर, मग यंत्राच्या इतर भागांवर. एकेक कारण बाद करीत कित्येक महिन्यांनीं ते ह्या निर्णयास आले कीं चिपच भागाकार चुकीचा करीत आहे. ४१९५८३५ ह्या संख्येस ३१४५७२७ नें भागिलें असतां उत्तर १.३३३८२०४४… यावयास हवें. तें त्या चिपवर १.३३३७३९०६… असें येई. तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत आंकडे जुळतात आणि चौथ्यावर पाय घसरतो. ताळा पाहिला तर चूक लपत नाहीं: भागाकारास भाजकानें गुणून भाज्यांतून वजा केलें कीं बाकी शून्य उरावयास पाहिजे, ती त्या चिपवर २५६ उरे.

असें कां व्हावें? भागाकार लवकर व्हावा म्हणून ह्या चिपमध्यें पाढ्यांसारखा एक तक्ता कोरलेला होता. कोणत्या पायरीस किती भाग जातो हें त्यांत पाहून यंत्र पुढें जाई. कंपनीनें त्या वेळीं दिलेल्या निवेदनाप्रमाणें तक्ता मुळांत बरोबर होता. तो चिपच्या आराखड्यांत उतरवितांना पांच जागा रिकाम्या राहिल्या. म्हणजे पाठ्यपुस्तक शुद्ध, नक्कल करणाऱ्याच्या हातून पांच ओळी गळल्या, असा हा प्रकार. त्या पांच जागांशीं गांठ क्वचितच पडत असल्यामुळें नेहमींच्या चाचण्यांतून त्या निसटल्या. कंपनीनें आरंभीं म्हटलें कीं ज्यास खरोखर अडचण असेल त्यासच चिप बदलून देऊं; लोकांस हें रुचलें नाहीं, आणि डिसेंबर १९९४ मध्यें मागेल त्यास बदलून देण्याचें जाहीर करावें लागलें. त्यापायीं ४७.५ कोटि डॉलरांची तजवीज कंपनीच्या हिशेबांत करावी लागली. चूक होती पांच ओळींची.

कोणी म्हणेल, सर्वच गणितें करून पाहिलीं असतीं तर? ही सूचना शहाणपणाची वाटते, पण तिचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. संख्या दोन अंकांच्या भाषेंत, म्हणजे केवळ शून्य आणि एक ह्यांनीं लिहिल्या, आणि प्रत्येक संख्येस बत्तीस स्थळें दिलीं, तर अशा दोन संख्यांच्या जितक्या निरनिराळ्या जोड्या होतात त्यांची मोजदाद वीस आंकडी येते. सेकंदास शंभर कोटि जोड्या तपासणारें यंत्र अखंड चालविलें तरी सगळ्या बेरजा संपावयास सुमारें ५८४ वर्षें लागतील. ही केवळ बेरीज. भागाकार, गुणाकार आणि एकाच वेळीं चाललेलीं दहा कामें तर दूरच राहिलीं. म्हणून सर्व तपासणें अशक्य, आणि न तपासणें अक्षम्य, ह्या दोहोंच्या मध्यें हा धंदा उभा आहे. चूक कोठें दडण्याचा संभव आहे हें ओळखून नेमकी तेथेंच कुदळ मारावी लागते. पेंटियमच्या ह्या प्रसंगानंतर केवळ नमुने तपासण्याऐवजीं, भागाकाराची रीत चुकणेंच शक्य नाहीं असें भूमितीच्या सिद्धांताप्रमाणें सिद्ध करण्याच्या पद्धतीस मोठें उत्तेजन मिळालें. आज गणिताची खरी आवड असलेल्या तरुणांस ह्या धंद्यांत मान मिळतो तो बहुतांशीं त्या शाखेंत.

ह्याच पेंटियमच्या रचनेंत ज्यांचा प्रमुख हात होता त्यांत अवतार सैनी हे मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. ह्या जुन्या संस्थेंतून विद्युत अभियांत्रिकी शिकलेले. पुढील शिक्षण त्यांनीं मिनेसोटा विद्यापीठांत घेतलें आणि १९८२ सालीं ते इंटेल कंपनींत गेले. ३८६ आणि ४८६ ह्या प्रोसेसरांवर काम करून मग त्यांच्याकडे पेंटियम आला. नंतर ते भारतांत परतून त्या कंपनीचे दक्षिण आशियाचे प्रमुख झाले. २०२४ च्या फेब्रुवारींत नवी मुंबईंत सायकलवरून जात असतां वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला, तेव्हां वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयीं जें छापून आलें तें वाचूनच पुष्कळांस कळलें कीं असा माणूस आपल्यामध्यें राहत होता. पेंटियमच्या विभागाचे प्रमुख विनोद धाम हेहि जन्मानें पुण्याचे, शिक्षणानें दिल्लीचे. १९७५ सालीं ते अमेरिकेस शिकावयास गेले, आणि २०२५ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. त्या पिढीस दुसरा रस्ताच नव्हता. येथें पदवी घ्यावी, तेथें पदव्युत्तर शिक्षण घ्यावें, आणि चाकरी तेथेंच करावी.

रस्ता पालटूं लागला तो १९८५ पासून. त्या सालीं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या कंपनीनें बंगळूर येथें चिप-रचनेचें केंद्र उघडलें. आराखडे अमेरिकेस धाडण्यासाठीं उपग्रहाशीं बोलणारें स्थानक उभारावें लागलें, आणि त्याचें साहित्य बैलगाडींतून नेल्याची हकीकत ह्या धंद्यांतील लोक अजून हंसत सांगतात. आतां बंगळूर, हैदराबाद, नोइडा आणि कांहीं प्रमाणांत पुणें येथें अशीं केंद्रें आहेत, आणि परदेशीं गेल्यावांचून हें काम करितां येतें. मात्र मालक आणि आराखड्याचा मूळ संकल्प बहुधा परकी असतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

आपल्या राज्यांत ह्याची दुसरी बाजूहि घडली आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक उभा केला. भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे. परदेशानें महासंगणक देण्यास अडचणी घातल्या असतां तो येथें झाला ह्याचा अभिमान योग्यच होता. परंतु त्याच्या आंतील प्रोसेसर ब्रिटिश कंपनीचे होते. शेंकडों कारकुनांस एकदिलानें कामास लावण्याची कला आपण साधली, कारकून मात्र बाहेरून आणलेले. स्वतःचा कारकून घडविण्याचें काम पवईच्या आय.आय.टी.मध्यें प्रा. माधव देसाई आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं हातीं घेतलें, आणि २०१९ च्या आरंभीं ‘अजित’ नांवाचा मायक्रोप्रोसेसर जगापुढें आला. त्याच्या हुकमांची यादी स्पार्क नांवाच्या प्रसिद्ध आणि खुल्या करारास धरून आहे. चिप छापली गेली ती पंजाबांत, चंदीगडनजीकच्या मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेंत. १९८९ सालीं मोठ्या आगींत होरपळलेली आणि पुन्हां उभी राहिलेली ती हीच.

अजितचा ठोका सेकंदास ७ ते १२ कोटि. आजच्या मोबाइलचा ठोका ह्याच्या पंचवीस-तीस पट असतो, आणि ज्या १८० नॅनोमीटरच्या रीतीनें तो छापला ती जगांत विसाहून अधिक वर्षांची जुनी. हे आंकडे वाचून नाक मुरडणारे कांहीं निघाले. त्यांनीं एवढें ध्यानीं घ्यावें कीं विजेचें मीटर, रस्त्यावरील दिव्यांची व्यवस्था, कपडे धुण्याचें यंत्र, उपग्रहाचा एखादा भाग, ह्यांस घोड्याची चाल लागत नाहीं, बैलाचें सातत्य लागतें. आणि आपण रचलेल्या यंत्राचा एकेक दरवाजा कां आहे, कोणासाठीं उघडतो, हें सांगूं शकणारीं माणसें त्या निमित्तानें पवईंत तयार झालीं, हा लाभ ठोक्यांत मोजतां येत नाहीं. देसाई स्वतः पूर्वीं अमेरिकेंत डिजिटल इक्विपमेंट ह्या कंपनींत होते. त्या कंपनीचा अल्फा प्रोसेसर १९९० नंतरच्या दशकांत वेगासाठीं जगभर वाखाणला गेला. पण कंपनी १९९८ सालीं विकली गेली, आणि अल्फाहि पुढें बंद पडला. रचनाकाराच्या नशिबीं हेंहि असतें. उत्तम केलेलें काम बाजाराच्या एका निर्णयानें कपाटांत जातें, आणि त्यावर कोणाचें नांव कोरलेलें नसतें. हात मात्र रिकामे होत नाहींत. तेथें शिकलेली माणसें दुसरीकडे जाऊन तीच विद्या पुन्हां वापरितात.

आतां नांदेड-लातूरच्या बैठकीकडे वळूं. मुलानें ह्या मार्गास जावयाचें ठरविलें तर काय करावें? नांदेडास विष्णुपुरी येथें श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे; लातुरासहि अभियांत्रिकीचें शिक्षण मिळतें. संगणक ह्या नांवाची शाखा मिळाली नाहीं म्हणून अनेक घरांत सुतकी चेहरे दिसतात. परंतु ह्या धंद्यास इलेक्ट्रॉनिक्सची शाखा अधिक जवळची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०२३ सालीं चिप-रचनेसाठीं स्वतंत्र पदवीचा नमुना-अभ्यासक्रमहि काढला आहे. अंकीय तर्कयोजना आणि संगणकाची अंतर्गत रचना हे दोन विषय मुलानें असे शिकावे कीं परीक्षा झाल्यावरहि विसरूं नयेत. ह्याच्या जोडीस सी ही भाषा आणि व्हेरिलॉग. त्यापुढें गेट ही परीक्षा देऊन एखाद्या मोठ्या संस्थेंत पदव्युत्तर शिक्षण घेतलें तर दार अधिक सहज उघडतें. २०२२ पासून केंद्र सरकारनें ८५,००० जणांस चिप-रचनेचें शिक्षण देण्याची एक योजना चालविली आहे. तिच्या द्वारें रचनेचीं महागडीं साधनें महाविद्यालयांना मिळतात, आणि विद्यार्थ्यांनीं रचलेल्या चिपा प्रत्यक्ष छापल्याहि जातात. प्रवेश घेतांना त्या महाविद्यालयास हीं साधनें मिळालीं आहेत काय, हा एक प्रश्न पालकांनीं अवश्य विचारावा. वसतिगृहाच्या जेवणाची चौकशी त्यानंतर करावी.

लातूर म्हटलें कीं लातूर पॅटर्नचें नांव निघणारच. राजर्षी शाहू महाविद्यालयांत रुजलेली ही शिस्त सर्वांस ठाऊक आहे: अभ्यासक्रम लवकर संपवावा आणि मग प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्या. खेड्यांतून आलेल्या, एका खोलींत चौघे राहणाऱ्या आणि खाणावळीच्या डब्यावर दिवस काढणाऱ्या कित्येक मुलांस ह्या शिस्तीनें वर काढलें आहे. तिची थट्टा करणें कृतघ्नपणाचें होईल. चिकाटी आणि बैठक ह्या दोन्ही गोष्टी मायक्रोप्रोसेसरच्या धंद्यांत तिच्याइतक्याच लागतात. परंतु एक मोठा भेद आहे. परीक्षेंतील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर कोणीतरी आधींच काढून ठेविलेलें असतें. चिप तपासणाऱ्यास उत्तरें तर शोधावीं लागतातच, पण प्रश्नपत्रिकाहि स्वतःच काढावी लागते, आणि ज्या उत्तरसूचीशीं ताडून पाहावयाचें ती सूचीच चुकलेली असण्याचा संभव धरून चालावें लागतें. नाइसलींनीं स्वतःपासून संशयास आरंभ केला तो ह्याचमुळें. हें वळण चाचणी-परीक्षांच्या सरावानें लागत नाहीं. आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. वडीलधाऱ्यानें सांगितलेल्या गोष्टींत चूक दाखविणें हें आपण उद्धटपणाचें मानतों. ह्या धंद्यांत बावीस वर्षांच्या मुलीनें वीस वर्षें काम केलेल्या गृहस्थास ‘आपली ही ओळ चुकली आहे’ असें स्वच्छ सांगावयाचें असतें, आणि त्यानें तिचे आभार मानावयाचे असतात. नव्या पदवीधरांपैकीं पुष्कळांस पहिलीं कांहीं वर्षें हेंच तपासणीचें काम मिळतें. ‘रचना करावयास आलों आणि दुसऱ्याच्या चुका मोजीत बसलों’ अशी कुरकुर कित्येक करितात. पण चुका कोठें होतात हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याच्या हातीं कोरा आराखडा कोणी देत नाहीं, आणि आर्किटेक्टच्या आसनापर्यंत जाण्यास दहा-पंधरा वर्षें लागलीं तर तीं फार लागलीं असें कोणी म्हणत नाहीं.

घर सोडावें लागेल, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. मराठवाड्यांत आज ह्या कामाच्या नोकऱ्या जवळजवळ नाहींत. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें त्या लातुरास चिपचा कारखाना निघेल असें कोणी म्हणूं नये. त्या कारखान्यास अतिशुद्ध पाणी अहोरात्र लागतें. रचनेस मात्र पाण्याची गरज नाहीं. तिला लागतें तें जाणत्यांचें जूट, आणि तें अद्याप बंगळूर-पुण्यास आहे. तेव्हां बापानें शेताचा तुकडा गहाण टाकून शिकविलेला मुलगा सणावारांस येईल, एवढें मनाशीं धरूनच ह्या वाटेस लागावें.

ही वाट मुलास रुचेल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मात्र गहाण टाकण्याची आवश्यकता नाहीं. व्हेरिलॉग चालविणारीं विनामूल्य साधनें साध्या संगणकावर बसतात, आणि अमेरिकेंत बर्कले येथें २०१० सालीं सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा हुकमांचा करार कोणासहि मोफत वापरतां येतो; मद्रासच्या आय.आय.टी.चा ‘शक्ति’ प्रोसेसर त्याच करारावर रचलेला आहे. पण इतक्या दूरहि लगेच जाऊं नये. पहिला पाठ चार स्थळांची बेरीज करणारें यंत्र लिहिण्याचा असतो. चार स्थळांत सोळा संख्या बसतात, म्हणून एकंदर बेरजा २५६, सगळ्याच्या सगळ्या तपासतां येण्याजोग्या. त्या तपासणारा कार्यक्रम मुलानें स्वतः लिहावा, आणि तो खरोखर चुका पकडतो काय हें पाहण्यासाठीं आपल्याच यंत्रांत एक चूक मुद्दाम घालून ठेवावी. सुटीच्या दिवशीं दुपारभर तो त्यांत रमला, जेवावयास दोनदां हांक मारावी लागली, तर पुढील पाठ पांच स्थळांचा आहे. त्यांत १,०२४ बेरजा होतात.